मला तीन वेळा धुवायला हवं होतं

मी एक रंग बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, रागात बोलतोय.

माझं खरं नाव लांबलचक आहे, कुपीच्या लेबलावरही ते जेमतेम मावतं. प्रयोगशाळेत मला सगळे 'लाल डाय' म्हणायचे. बोटाच्या पेराएवढ्या कुपीत, स्पिरिटमध्ये विरघळून मी राहतो. कुपीभोवती चंदेरी कागद गुंडाळलेला असतो, कारण उजेड लागला की माझी चमक मरते. भिंत, कापड, कागद रंगवणं मला जमत नाही. जिवंत पेशीच्या आवरणात शिरायचं आणि तिथेच बसून राहायचं, एवढं मला येतं. मग पेशी जाईल तिथे मी जातो. हिरवा प्रकाश टाकला की लाल चमकतो, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या माणसाला ती कुठे पोचली ते कळतं.

पेशी दुभंगली तर मी तिच्या दोन्ही लेकींत निम्मानिम्मा वाटला जातो. त्यांच्या लेकींत पुन्हा निम्मा. मी किती फिका पडलो त्यावरून किती पिढ्या उलटल्या तेही सांगता येतं. थोडक्यात, साक्ष देणं हे माझं काम. ज्याचं कामच साक्ष देणं आहे, त्याच्या तोंडून खोटं वदवलं की त्याला कसं वाटत असेल, ते तुम्हीच ठरवा.

माझ्यात एक खोड आहे. ती मी लपवलेली नाही. माझ्या डबीत घडी घालून ठेवलेल्या कागदावर ती छापलेली आहे. मला पाण्याचं वावडं आहे. पेशीचं आवरण चरबीचं असतं, त्यात मी सुखाने शिरतो. पण जो उरतो, तो पाण्यात एकमेकांना बिलगून बारीक गोळे करतो. ते गोळे मिळेल तिथे चिकटतात आणि तेही चमकतात. लांबून पाहणाऱ्याला पेशी कुठली आणि गोळा कुठला हे ओळखता येत नाही. म्हणून रंगवून झालं की सीरम, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, ओतून मला थांबवायचं आणि मग पेशी तीन वेळा धुवायच्या. तीन वेळा, असं ठळक अक्षरांत लिहिलंय.

परदेशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. बर्फाच्या खोक्यातून मुंबईला आलो, तिथून कुरिअरच्या गाडीने डहाणूला. स्टेशनपासून थोडं आत, चिकूच्या वाडीला लागून एका खाजगी संस्थेची दुमजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा. तिचे प्रमुख डॉक्टर मनिष. सगळे त्यांना मनिषसर म्हणायचे. माणूस गोड बोलायचा, चहा स्वतः ओतून द्यायचा. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही कुणी मिशीवाला दुष्ट डोळ्यांपुढे आणाल.

माझी कुपी पहिल्यांदा उघडली ती हेमांगीने. ती नरपडची. वडील बोटीवर जायचे, आई देवकी डहाणूच्या बाजारात मासळी घेऊन बसते. घरातली पहिलीच मुलगी जी इतकी शिकली. सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. तिचा हात इतका स्थिर होता की माझा एक थेंबही कधी वाया गेला नाही. मला ती आवडायची. म्हणूनच पुढचं सांगताना तोंड कडू होतं.

सर एका पाल्याच्या काढ्यावर काम करत होते. सिकलसेलच्या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात, रक्त अडतं आणि माणूस कळांनी तळमळतो. तलासरी-डहाणूकडच्या पाड्यांवर हा आजार घराघरात माहीत आहे. काढ्याने पेशी कमी चिकटतात का, हे सरांना पाहायचं होतं. कल्पना वाईट नव्हती. मलाही ती पटली होती.

रक्त द्यायला तलासरीकडच्या एका पाड्यावरून रूपी आली. एकोणीस वर्षांची. बारावी झालेली, नर्सिंगला नंबर लागायची वाट पाहत होती. बरोबर तिचा बाप शुक्रा, वाडीत रोजाने जाणारा. रूपीला लहानपणापासून हा आजार. सरकारी दवाखान्यातून तिला रोजच्या कॅप्सुल मिळत. त्या सुरू झाल्यापासून दोन वर्षं ती शाळेत नीट जाऊ शकली होती. फॉर्मवर तिने स्वतः वाचून सही केली.

तिने माझ्या कुपीकडे बोट दाखवलं. "ताई, या रंगाने माझं रक्त बरं होणार का?"

"नाही गं," हेमांगी म्हणाली, "हा फक्त दाखवतो. तुझ्या किती पेशी चिकटल्या ते चमकून सांगतो. मग काढा घालून परत बघायचं, कमी झाल्या का."

शुक्राने विचारलं, "म्हंजे हा सांगेल तेच खरा?"

"हो काका. हा खोटं नाय बोलत."

अशी माझी ओळख करून दिली होती.

प्रयोगाच्या दिवशी दोन ट्यूबा होत्या. दोन्हींत रूपीच्या लाल पेशी, दोन्हींत मी. एकीत नंतर काढा घालायचा, दुसरी तशीच ठेवायची. काढ्याची ट्यूब धुवावीच लागते, कारण काढा तपकिरी, त्याचा गाळ राहिला तर मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही. ती तीनदा धुतली. दुसरी एकदाच धुवून झाली होती. प्रयोगशाळेतला दिपक, जो रक्त काढायचा आणि ट्यूबा यंत्रात फिरवायचा, म्हणाला, "मॅडम, हिच्यात काढा नाय, मग परत परत कशाला धुवायची? चारला सरांना फोटो हवेत."

हेमांगीने घड्याळ पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली.

दोन शब्द. त्या ट्यूबेत माझे हजारो गोळे तरंगत होते आणि मला ओरडता येत नव्हतं.

दोन्ही ट्यूबांतलं रक्त रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवलेल्या दोन डिशमधून सोडलं. काढ्याच्या डिशमध्ये थोडेसे ठिपके. दुसरीत लाल ठिपक्यांचा नुसता सडा. त्यातले किती रूपीच्या पेशी होते आणि किती माझे गोळे, हे मला ठाऊक होतं. मोजणाऱ्या कॉम्प्युटरला ठाऊक नव्हतं. सरांनी दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावले, बराच वेळ पाहत उभे राहिले आणि हेमांगीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, आपण जिंकलो."

इथवरची चूक होती. चुकीवर मी इतका चिडत नाही. माणसं घाईत असतात, चारला फोटो हवे असतात. माझा राग पुढचा आहे.

त्या दोन फोटोंचा मोठा रंगीत फलक झाला. डावीकडे लाल सडा, उजवीकडे काळोख. खाली लिहिलं, 'काढ्याआधी' आणि 'काढ्यानंतर'. गंजाडला शिबिर झालं, तलासरीला झालं. नारू नावाचा संस्थेचा माणूस जीपमधून काढ्याच्या बाटल्या पोचवायचा. पेपरात बातमी आली. ती कापून सरांनी प्रयोगशाळेच्या दारावर लावली. आकडे कुणी वाचत नाही. लाल आणि काळं मात्र अक्षरओळख नसलेल्यालाही समजतं. माझी चमक त्यासाठी वापरली गेली, जिथे प्रश्न विचारायचे तिथे माना डोलवून घ्यायला.

मे महिन्यात हेमांगी प्रबंध लिहायला बसली. प्रबंधात एक तिसरी डिशही दाखवावी लागते, जिच्यात पेशीच नाहीत, नुसता रंग. ती काळी दिसली पाहिजे. ती आधीच करायची असते, पण राहून गेली होती. तिने एका दुपारी केली. पेशी नसलेल्या पाण्यात मला सोडलं, ते डिशमधून वाहवलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

डिश लाल सड्याने भरली होती.

ती उठली, हात धुतले, परत येऊन पाहिलं. मग आठवडाभर तिने सगळा प्रयोग पहिल्यापासून केला. फ्रीजमध्ये ठेवलेलं दुसऱ्या तिघांचं रक्त घेतलं, दोन्ही ट्यूबा तीन-तीन वेळा धुतल्या. काढा घातलेली आणि न घातलेली, दोन्ही डिश सारख्या. काढ्याने काही म्हणजे काहीच होत नव्हतं.

ती सरांना प्रयोगशाळेतच भेटली, माझ्यासमोर.

"सर, आपण मोजले ते रंगाचे गोळे होते. ती ट्यूब मी नीट धुतली नव्हती. चूक माझी आहे."

सरांनी तिचे कागद शेवटपर्यंत वाचले. ते हुशार होते, त्यांना समजायला वेळ लागला नाही. "हे कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही."

"मग दाखवू नकोस. एका आठवड्याच्या कामावरून दीड वर्षाचं काम मोडीत काढायचं नसतं. रंग जुना झाला असेल."

रंग जुना झाला असेल. मला उघडून चार महिनेही झाले नव्हते. मी त्या दिवशी जितका खरा बोललो तितका त्या प्रयोगशाळेत कुणी बोललं नव्हतं, आणि दोष माझ्यावर आला.

"पण सर, लोक काढा प्यायला लागलेत."

"पाला आणि पाणी आहे ते. त्याने कुणाचं वाईट होत नाही." मग अगदी मायेने त्यांनी विचारलं, "ऑक्टोबरात तुझा प्रबंध माझ्या सहीला येईल ना?"

हेमांगीने कागद उचलले आणि कपाटात ठेवले. त्यानंतर तिने मला हात लावला नाही. मे गेला, जून गेला, जुलै गेला. मी फ्रीजच्या काळोखात होतो. सरांवर मी चिडलो, पण तेवढाच तिच्यावरही चिडलो. तिला सगळं कळलं होतं. बाजारात आईच्या शेजारी बसून ती गिऱ्हाइकाला मासा ताजा की शिळा हे खरं सांगायची, असं दिपकला स्वतःच एकदा बोलली होती. इथे मात्र तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

ऑगस्टमध्ये जिन्यावर काठीचा आवाज आला. दिपकने तेव्हा मला दुसऱ्या कुणाच्या तरी प्रयोगासाठी टेबलावर काढून ठेवलं होतं. दारात रूपी उभी होती. काखेत कुबडी, मागे शुक्रा. पोरगी ओळखू येत नव्हती. डोळे पिवळे, उजवा पाय फरफटत.

हेमांगी खुर्चीवरून उठली. "रूपी, काय झालं?"

"काय झाला ते सांगायलाच आले, ताई. सर कुठं हायेत?"

सर आपल्या खोलीतून बाहेर आले. रूपीने बसायला दिलेली खुर्ची घेतली नाही.

"शिबिरात तुमी बोलला, सर, आता त्या कॅप्सुल कशाला खाता, त्यानं केस जातात, पोरं होत नाय. हे चित्र बघा बोलला. मी बघितला. बाकीच्यांना काय समजला ठाऊक नाय, मी बारावी शिकलेली हाय. मला ठाऊक होता की ते रक्त माझाच हाय. माझा रक्त खोटा कसा बोलेल? मी कॅप्सुल बंद केल्या."

जूनच्या मध्यावर तिला कळा सुरू झाल्या. आधी हातापायांत, मग छातीत. श्वास घेता येईना. पाड्यावरून खाटेवर घालून रस्त्यापर्यंत, तिथून जीपने, मग मोठ्या दवाखान्यात. तीन बाटल्या रक्त चढवलं. जीव वाचला, पण उजव्या खुब्याच्या हाडाला रक्त मिळालं नव्हतं, ते हाड मरत चाललंय असं डॉक्टरांनी सांगितलं. नर्सिंगला नंबर लागल्याचं पत्र ती दवाखान्यात असताना आलं. तारीख निघून गेली.

सर शांतपणे ऐकत होते. "वाईट झालं," ते म्हणाले. "पण प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. काढा वेळच्या वेळी घेतला होता का?"

शुक्रा पुढे आला. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. "तीन टायम घेतला, सायब. ती तोंड वाकडा करायची. मी सोता पाजायचा तिला. माझ्या हातानं."

एवढं बोलून तो आपल्या हातांकडे पाहत राहिला. मला तेव्हा त्या टेबलावरून उडी मारून फुटावंसं वाटलं.

"रूपी," हेमांगी म्हणाली, "ते चित्र खोटं आहे."

"हेमांगी, आत ये," सर म्हणाले.

ती गेली नाही. तिने सगळं सांगितलं, ट्यूब, घड्याळ, 'राहू दे', तिसरी डिश, कपाटातले कागद. रूपी ऐकत होती. मग तिने एकच विचारलं.

"हे तुला कवा समजला?"

"मेमध्ये."

"मी जूनमध्ये पडले."

"हो."

"म्हंजे तू बोलली असतीस तर मी कॅप्सुल परत चालू केल्या असत्या."

"हो," हेमांगी म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत, माफीही मागितली नाही. मागितली असती तर मी तिला कधीच माफ केलं नसतं.

रूपीने कुबडी भिंतीला टेकवली आणि बाही वर केली. "मग आता माझ्यासमोर कर. धुवून कर. मला माझ्या डोळ्यांनी बघायचा हाय."

"इथे माझ्या परवानगीशिवाय काहीही होणार नाही," सर म्हणाले. दिपक सुई आणायला गेला. सर खोलीत जाऊन फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलू लागले आणि थोड्या वेळाने त्यांची गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

त्या दुपारी माझ्याकडून पहिल्यांदा नीट काम करून घेतलं गेलं. पाच मिनिटं मला पेशींत शिरू दिलं, सीरमने थांबवलं, मग यंत्रात फिरवून धुतलं. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी रूपीने स्वतः मोजलं, "तीन." दुसरी ट्यूबही तशीच. आणि शेवटी, न धुता, ती तिसरी डिश, जिच्यात पेशीच नाहीत.

संध्याकाळी रूपी एका पायावर भार देऊन मायक्रोस्कोपवर वाकली. हेमांगीने तिला डिश कशी सरकवायची ते दाखवलं आणि बाजूला झाली. रूपी ओठ हलवत मोजत होती. काढ्याविना एकशे बारा. काढा घालून एकशे नऊ. परत मोजले, एखाद-दुसऱ्याचा फरक. मग तिने तिसरी डिश पाहिली, आणि बराच वेळ पाहिली.

"यात माझा काही नाय?"

"काहीच नाही. नुसता रंग."

"तरी केवढा लाल हाय," ती म्हणाली. मग बापाकडे वळून तिच्या भाषेत हळू काहीतरी बोलली. शुक्राने मान खाली घातली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं तसेच उभे राहिले.

हेमांगीने स्वतःची चूक लिहून काढली आणि तिन्ही डिशचे फोटो, मेमधले कागद यांच्यासोबत संस्थेच्या समितीला पाठवली. खाली रूपीची साक्षीदार म्हणून सही. मुंबईहून चार माणसं आली. वह्या नेल्या, प्रश्न विचारले, जेवली, गेली. अभ्यास बंद झाला. अहवालात लिहिलं, 'प्रक्रियेतील त्रुटी'. मनिषसर स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या शहरात गेले. तिथे त्यांची भाषणं होतात, फोटो पेपरात येतात. हेमांगीची दीड वर्षं वाया गेली, आता ती दुसऱ्या गाईडकडे पहिल्यापासून करते आहे. आणि मेलेलं हाड कुठलीच समिती जिवंत करत नाही.

दर शनिवारी हेमांगी आणि रूपी पाड्यांवर जातात. कॅप्सुल परत सुरू करा, दवाखान्यात जा, असं घराघरात सांगतात. गंजाडच्या हिराबाईने त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. काल एक सांगता, आज एक सांगता, म्हणाली. तिचं काय चुकलं? दिपक सांगत होता, दोघी एकाच एसटीने जातात, पण रूपी अजून हेमांगीशेजारी बसत नाही. वेगळ्या सीटवर बसते. हेमांगीही तिला बस म्हणत नाही.

मी आता एका सीलबंद पिशवीत आहे. पिशवीवर नंबर आहे, पुरावा म्हणून. तळाशी जेमतेम चार थेंब उरलेत, मुदतही संपली. चौकशी मिटली, म्हणजे पुढच्या आठवड्यात घातक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत घालून मला जाळायला नेतील. जळण्याचं मला दुःख नाही. माझ्या जागी येणारी नवी कुपी फ्रीजमध्ये आली आहे, तिच्या कागदावर तेच ठळक अक्षरांत लिहिलंय. कुणी वाचेल का, सांगता येत नाही.

जायच्या आधी एवढंच सांगतो. हेही दिपकनेच सांगितलं, गेल्या शनिवारी तलासरीला एक नवाच माणूस आला होता. नवी बाटली, नवा फलक, दोन चमकणारी चित्रं. मांडवात दोनशे माणसं होती. तो चित्रं दाखवत असताना मागून रूपी उठली, कुबडी रोवली आणि म्हणाली, "हे दोन झाले. ज्याच्यात कुणाचा रक्त नाय, ते तिसरा चित्र दाखवा."

तो म्हणाला, "असं काही नसतं बाई, खाली बसा."

ती बसली नाही. तो पुढचं बोलायला लागला, तरी ती उभीच होती. उभं राहिलं की तिचा खुबा फार दुखतो. हेमांगी उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मांडवातली बाकीची एकशे अठ्ठ्याण्णव माणसं खाली बसून होती.

तुम्ही तिथे असाल तर उठा.